वाटणीपत्रातलं शेवटचं कलम

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत हल्ली घरातल्या भांडणांच्या कथा बऱ्याच येतात. मी त्या आधी वाचते आणि अग्रलेख मागून. राग मानू नये. मागे दोन भावांच्या वाटणीची एक कथा आली होती. लेखकाचं नाव मुद्दाम घेत नाही. मुलगा नवा दिसतो आणि हात चांगला आहे. पण त्या कथेतला धाकटा ओसरीवर उभा राहून थोरल्याला म्हणतो, "दादा, तू मला कधी समजूनच घेतलं नाहीस." थोरला म्हणतो, "मी या घरासाठी माझी स्वप्नं जाळली." मग वाटणी होते, अंगणात भिंत उभी राहते, पुढे आई दवाखान्यात पडते आणि तिच्या खाटेपाशी दोघं गळ्यात गळा घालून रडतात. हा मुलगा चार दिवस आमच्या टेबलाशी बसायला हवा होता, असं वाचून झाल्यावर वाटलं. म्हणून हे पत्र.

टेबल म्हणजे अमळनेरला तहसील कचेरीबाहेरचं, निंबाखालचं. माझे यजमान तिथे अर्ज आणि दस्त लिहायचे. ते गेल्यावर त्यांचं मराठी टाइपरायटर मी चालवलं. मुलं लहान होती, दुसरा इलाज नव्हता. पुढे कार्बन पेपर गेले, कॉम्प्युटर आला, आता टेबल मुलगा बघतो आणि मी घरी वाचत बसते. पण इतकी वर्षं माझ्या बोटांखालून जे गेलं ते बहुतेक एकाच गोत्रातलं: वारस नोंदीचे अर्ज, फेरफारावरच्या हरकती, बांध कोरल्याच्या तक्रारी, हक्कसोडपत्रं, वाटणीपत्रं. मी साहित्यिक नाही. 2024 च्या फेब्रुवारीत 97 वं साहित्य संमेलन आमच्या गावात भरलं, तेव्हा मी मांडवात भाषणं ऐकायला कमी आणि पुस्तकांच्या गाळ्यांवर जास्त होते. पिशवी भरून कथासंग्रह आणले. काही फार आवडले. पण बऱ्याच कथांत वरच्या त्या दोघा भावांचीच भावकी भेटली.

वाटणीपत्र कसं असतं ते थोडक्यात सांगते. आधी घराण्याची हकिकत येते: मूळ पुरुष कोण, त्याला मुलं-मुली किती, मिळकत वडिलोपार्जित की स्वकष्टाची. मग गट नंबर, क्षेत्र, आकार म्हणजे सारा. मग चतुःसीमा, म्हणजे पूर्वेस अमक्याचं शेत, पश्चिमेस नाला, दक्षिणेस गाडरस्ता. मग थोरल्याचा हिस्सा, धाकट्याचा हिस्सा. कथा लिहिणारे इथपर्यंत येतात आणि थांबतात. दस्त मात्र इथे संपत नाही. शेवटी एक कलम असतं, त्यात काय वाटायचं नाही ते लिहिलेलं असतं. विहीर सामाईक, पाणी पाळीने घ्यावं. शेतात जायचा रस्ता सामाईक. खळं सामाईक. बांधावरचा निंब एकट्याने तोडू नये. देव थोरल्याकडे राहतील पण कानबाईच्या सणाला धाकट्याने सहकुटुंब यावं. कायद्याला या ओळीचं काही पडलेलं नसतं, तरी लोक ती टाइप करायला लावत. आणि सगळ्यात शेवटी, उठता उठता आठवल्यासारखं, "आईचा सांभाळ उभयतांनी करावा."

माझं सगळं म्हणणं या कलमाबद्दल आहे. माणसं का भांडतात हे लेखक लिहितात, पण इतकं भांडूनही त्यांना एकमेकांपासून उठून का जाता येत नाही हे लिहीत नाहीत. सुरत पॅसेंजरमध्ये जागेवरून भांडलेली दोन माणसं स्टेशन आलं की उतरतात, विषय संपतो. भावाभावांना ते स्टेशन येत नाही. बऱ्याचदा कायदासुद्धा येऊ देत नाही. 1947 चा तुकडेबंदीचा कायदा आहे. जमीन ठरावीक मापापेक्षा लहान तुकड्यांत तोडता येत नाही. मग दोघंही वेगळं व्हायला तयार असतात आणि उताऱ्यावर मात्र शेजारी शेजारी बसून राहतात. जुन्या उताऱ्यांवर तर एकट्या थोरल्याचं नाव आणि पुढे "ए.कु.मॅ.", म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. त्या तीन अक्षरांवरून पुतणे काकाला कोर्टात नेतात आणि त्याच आठवड्यात काकाच्या घरचं सुतक पाळतात. तेव्हा कथेत भांडण घालण्याआधी लेखकाने स्वतःला विचारावं, या दोघांत सामाईक काय राहिलं आहे?

विहिरीचंच घ्या. विहीर एक, मोटारी दोन, आणि शेतीची वीज कधी दिवसाची, कधी रात्रीची. अबोला असलेले दोन भाऊ मला माहीत आहेत. थोरल्याची पाळी रात्री दोनला संपायची. धाकट्याला ते कळवायचं कसं? थोरला मोटार बंद करून धाकट्याच्या खोपीच्या दिशेने बॅटरीचा झोत दोनदा मारायचा. धाकटा उठायचा, उलट एक झोत मारायचा. पूर्ण हंगाम असा गेला. एका रात्री झोत आला नाही. धाकट्याने वाट पाहिली, मग शिव्या देत विहिरीवर गेला. थोरल्याची मोटार जळली होती आणि अर्धा कापूस कोरडा होता. धाकट्याने आपल्या मोटारीचा पाइप त्याच्या दांडाला लावून दिला. पुढे दोघंही निरनिराळ्या कामांनी आमच्या टेबलाशी आले आणि दोघांनी ही गोष्ट आपापल्या परीने सांगितली. कुणाच्या चुकीने मोटार जळली, पाणी किती वेळ दिलं, यातलं काहीच जुळत नव्हतं. जुळत एवढंच होतं की "मी त्याच्याशी एक शब्द बोललो नाही." दोघांनाही ते अभिमानाने सांगायचं होतं.

यात कुणी रडलं नाही, कुणी कुणाला माफ केलं नाही. अबोला पुढे चालूच राहिला. मला तर यात अख्खी कथा दिसते.

आमच्या गावात आणखी एका प्रकारचं सामाईक आहे. 1945 साली इथे वनस्पती तुपाची कंपनी निघाली, वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स. तीच पुढे विप्रो झाली. सुरुवातीच्या काळात गावातल्या लोकांनी तिचे थोडे थोडे शेअर घेतले, पुष्कळांनी ओळखीखातर, आणि कागद पेटीत टाकून दिले. बोनस होत, विभाजन होत त्या कागदांचं पुढे काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. बाहेरची माणसं येऊन करोडपतींचं गाव म्हणून लिहून गेली. ती माणसं, ज्यांच्या पेटीत कागद राहिले त्यांच्याकडे गेली. ज्यांनी विकले त्यांच्या ओसरीवर कुणी बसलं नाही.

असं एक घर सांगते. नावं काढली आहेत आणि दोन-तीन घरांचं एक केलं आहे, तेव्हा गावकऱ्यांनी अंदाज बांधत बसू नये. वडिलांनी दोघा मुलांना सारखे कागद दिले. 1972 च्या दुष्काळानंतर बहिणीचं लग्न निघालं. शेतात काही नव्हतं. थोरल्याने आपले कागद विकले, लग्न उरकलं. धाकटा तेव्हा सुरतेला कामाला लागला होता. त्याचे कागद राहिले. त्यात शहाणपण काही नव्हतं. ते ज्या पेटीत होते तिची किल्ली हरवली होती आणि कुलूप तोडायला कुणाला सवड नव्हती. पुढे किती वर्षांनी धाकट्याने गावात माडी बांधली. थोरला पत्र्याच्या घरात, लागूनच.

आता यात चूक कोणाची? कायद्याने थोरल्याचा काही दावा नाही, आणि त्याने तो कधी केलाही नाही. एक शब्द बोलला नाही. फक्त धाकट्याच्या घरी गोड खायचं बंद केलं. "साखर निघाली आहे," म्हणायचा. साखर नव्हती, आमच्याकडे चहात दोन चमचे घ्यायचा. धाकट्यालाही ते ठाऊक होतं, कारण टेबल बाजारात आहे. तो काही आंधळा नव्हता. थोरल्याच्या मुलाची इंजिनीअरिंगची फी त्याने भरली, पण बहिणीच्या हातून, आणि तिने ती "माझ्या भिशीचे" म्हणून दिली. थोरल्याने विश्वास ठेवल्याचं दाखवलं. ज्या बाईला आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी येताना एसटीच्या तिकिटाचे पैसे मोजावे लागत तिची भिशी केवढी असणार हे त्याला कळत नव्हतं असं नाही. आखाजीला ती आधी थोरल्याकडे उतरायची. धाकटा स्टँडवर गाडी पाठवायचा, ती गाडी रिकामी परत जायची. तिसऱ्या दिवशी ती चालत धाकट्याच्या दारात जायची, दोन घरांमधली दहा पावलं.

एका पावसाळ्यात थोरला अर्ज घेऊन आला. धाकट्याविरुद्ध, पहिल्यांदाच. मी कागद लावला आणि म्हटलं, सांगा. त्याने सांगितलं: माडीची पन्हाळ त्याच्या अंगणात पडते, कुडाची भिंत ओली होते, तरी संबंधितांना समज द्यावी. एवढंच. शेअरचा श नाही, दुष्काळ नाही, लग्न नाही. मी दोनदा विचारलं, आणखी काही घालायचं? म्हणाला, "पानी पडस ना बाई. बाकी काय?"

आता ही कथा आपल्या त्या नव्या लेखकाच्या हाती दिली तर तो काय करेल? धाकट्याला लोभी करेल, त्याच्या बायकोला सोन्याने मढवेल, थोरल्याच्या तोंडी त्यागाचं भाषण देईल आणि पन्हाळ वगळेल, कारण ती क्षुल्लक आहे. अहो, पन्हाळ हीच कथा आहे. तेवढ्याच विषयावर त्या माणसाला भावाला नोटीस देता येत होती. मोठ्या विषयावर तोंड उघडलं असतं तर बहिणीच्या लग्नाची किंमत लावल्यासारखं झालं असतं, आणि ती बहीण जिवंत होती, दरवर्षी येत होती. या दोघांतलं सामाईक ती होती. एकाने तिचं लग्न केलं, दुसरा तिच्याच हातून परतफेड करत होता, आणि ती कुणाचीही बाजू घेवो, तिचं लग्नच महाग पडल्याचं निघत होतं. लिहायचं झालं तर मी तिच्या बाजूने लिहीन. घरात सगळ्यांत कमी बोलणारी तीच होती.

बहिणीचा विषय निघालाच आहे तर हक्कसोडाचं सांगते. कथांमधल्या बहिणी अजून दोनच प्रकारच्या असतात, एक राखी बांधून सगळं सोडून देणारी आणि दुसरी नवऱ्याच्या नादाने हिस्सा मागायला येणारी. महाराष्ट्राने 1994 साली वडिलोपार्जित मिळकतीत मुलींना हक्क दिला, पण आधी लग्न झालेल्यांना वगळलं. केंद्राने 2005 साली हिंदू उत्तराधिकार कायदा बदलला आणि सगळ्याच मुलींना मुलाइतका हक्क दिला. 2020 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की त्यासाठी 2005 साली बाप हयात असण्याचीही गरज नाही. इतकं सगळं झालं तरी दुय्यम निबंधकाच्या दारात काठापदराची नवी लुगडी नेसून, भावाने केलेल्या गाडीतून उतरणाऱ्या बहिणी काही कमी झाल्या नाहीत. "माले काही नको, भाऊ. आखाजीले मुऱ्हाई धाडजो." मुऱ्हाई म्हणजे माहेरी न्यायला येणारा. आणि मी टाइप करायची: "सदरचे हक्कसोडपत्र मी माझ्या राजीखुशीने व अक्कलहुशारीने, कोणाचेही दडपण नसताना लिहून दिले असे."

त्यातला एक दिवस सांगते. तीन बहिणी. दोघींनी सही केली. मधलीने पेन हातात घेतलं आणि ठेवलं. म्हणाली, "मनं नाव ऱ्हाऊ दे उतारावर. पीक तू खाय." जमीन मागत नव्हती, उत्पन्न मागत नव्हती. सासरी तिला काय ऐकावं लागत होतं ते तिने सांगितलं नाही. भाऊ लाल झाला. त्याला बोचलं ते वेगळंच: "म्हणजे मी तुला फसवतोय?" गर्दी जमली. मला वाटलं, आता भाऊ ओरडणार. तो गप्प बसला आणि बोलली ती त्याची बायको, इतका वेळ पाठमोरी बसलेली. "मी नाही केली सही माझ्या माहेरी? मला कुणी विचारलं होतं?"

मालिकेत हे वाक्य आलं असतं तर भावजई खलनायिका, पार्श्वसंगीत, संपलं. पण जरा थांबून बघा. त्या बाईने आपल्या माहेरचा हिस्सा काही वर्षांपूर्वी हसत सोडला होता. ते हसणं तिला आजवर पुरलं होतं. समोरच्या नणंदेने नुसतं नाव ठेवायचं म्हटलं आणि हिची ती सही उघडी पडली. नणंदेचं बरोबर ठरलं तर ही मूर्ख ठरत होती. तिला जमिनीचा लोभ असेलही थोडा, कुणाला नसतो, पण त्या क्षणी ती जमिनीसाठी बोलत नव्हती. दोघीही एकाच कारणासाठी दुखावलेल्या होत्या आणि म्हणूनच समोरासमोर होत्या. त्या दिवशी दस्त झाला नाही. गाडीचं भाडं भावाने दिलं, तिघी बहिणी त्याच गाडीतून परत गेल्या. दुसरी गाडी नव्हती. त्या परतीच्या प्रवासात कोण खिडकीशी बसलं असेल आणि काय बोलणं झालं असेल, याचा मी पुष्कळदा विचार केला आहे. आपल्या लेखकांनी करावा.

सुनेचा छळ, सासूचे टोमणे यावर मी लिहीत नाही, त्याची सोय रोज संध्याकाळी टीव्हीवर आहे. एवढंच म्हणते की मालिकेतली माणसं जेवता जेवता भांडतात आणि ताट टाकून उठतात. आमच्याकडे ताटावरून कुणी उठत नाही. अन्नाचा अपमान कुणी करत नाही, आणि उपाशी माणूस भांडणार किती?

संवादांबद्दल मात्र बोलायचं आहे. घरातलं भांडण सरळ बोललं जात नाही. जेठानी देरानीला ऐकवायचं ते म्हशीला ऐकवते: "तुला कोण विचारतं गं, तू काय मोठ्या घरची?" वडील मुलाशी बोलत नसतील तर नातवाला सांगतात, "तुझ्या बापाला म्हणा, खत आलं आहे," आणि बाप तिथेच तीन हातांवर बसलेला असतो. बोलण्याची तऱ्हा बदलते तीही ऐकावी. जन्मभर धाकट्याला अरे-तुरे करणारा थोरला एके दिवशी शांतपणे म्हणतो, "तुम्ही म्हणाल तसं." घर हादरतं ते अशा वेळी, शिव्यांनी हादरत नाही. आणि अहिराणीचं म्हणाल तर कथांमध्ये ती गड्याला आणि म्हातारीला मिळते, बाकी सगळे पुण्यासारखं बोलतात. प्रत्यक्षात एकाच घरात, एकाच भांडणात दोन्ही चालतात. बाप अहिराणीत ओरडतो तोवर ठीक असतं. शिकून आलेला मुलगा प्रमाण मराठीत सावकाश उत्तर देऊ लागला की बाप समजतो, हा आता वकील लावणार.

कानबाईचं वर निघालं होतं. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी खानदेशात कानबाई बसते. रोट, म्हणजे नैवेद्याच्या जाड पोळ्या, असतात भावकीचे. आमच्याकडे कुळातल्या पुरुषांच्या नावाने मूठ मूठ गहू काढतात. चुली वेगळ्या झाल्या, कोर्टात तारखा चालू असल्या, तरी रोट एक असतात. रोट वेगळे झाले की मात्र खरंच तुटलं म्हणायचं, आणि तिथवर जायची हिंमत फार थोड्यांची होते. ज्या धाकट्याशी अबोला त्याच्याकडे वर्षात मुलगा झालेला असतो. मोजणारा एक एक नाव घेत मूठ टाकत असतो. त्या पोराच्या पाळीला हात थांबतो. बायका एकमेकींकडे बघतात. मग मूठ पडते, नाव न घेता. पुढच्या मुठीला परत नाव मोठ्याने. हे मी माझ्या सासरी पाहिलं आहे. ज्या बापाने हे पाहिलं त्याने रात्री काय केलं असेल, त्याला ती मूठ दिसली असेल की न घेतलेलं नाव ऐकू आलं असेल, हे ठरवणं लेखकाचं काम आहे, टायपिस्टचं नाही.

नव्या लिहिणाऱ्यांना माझी एक सूचना आहे, पटली तर बघावी. कथा लिहायच्या आधी घरातल्या प्रत्येकाच्या नावाने तहसीलदारांना एक अर्ज लिहा, एका पानाचा. "अर्जदार विनंतीपूर्वक अर्ज करतो की..." थोरल्याचा, धाकट्याचा, दोघांच्या बायकांचा, बहिणीचा. मला हे रोजच करावं लागायचं. सकाळी थोरला सांगून गेला की वाटायचं, काय हा धाकटा, माणूस आहे की कोण. दुपारी धाकटा येऊन बसायचा आणि पाण्याचा पेला संपेपर्यंत मी त्याच्या बाजूची झालेली असायची. ज्याचा अर्ज लिहिताना तुम्ही त्याच्या बाजूचे होत नाही, ते पात्र अजून कच्चं आहे असं समजा.

मग अर्जात काय आलं नाही ते शोधा. सुरतेचा भाऊ लिहितो, मी दरमहा पैसे पाठवले. खरंच पाठवलेले असतात, मनीऑर्डरच्या पावत्या त्याने जपलेल्या असतात, सुतळीने बांधून. पण आईला दोनदा पक्षाघात झाला तेव्हा तिचं लुगडं कोण बदलत होतं हे त्याच्या अर्जात नसतं. गावातला भाऊ लिहितो, मी आईचं सगळं केलं. तेही खरं. पण सुरतेच्या भावाच्या पैशातून बोअर झाली आणि तिच्यावर पाच वर्षं केळी निघाली हे त्याच्यात नसतं. खोटं कुणी बोलत नाही. प्रत्येक जण आपल्याला मोजता येतं तेवढंच मोजतो. पैशाची पावती मिळते, लुगडं बदलल्याची मिळत नाही. म्हणून कोर्टात सुरतेचा भाऊ बहुतेकदा जिंकतो आणि गावात हरतो.

सगळ्यात अवघड अर्ज आईचा. तो मी कधी नीट लिहू शकले नाही. बोल म्हटलं की म्हणायची, "मी काय सांगू, बाई, दोन्ही माझेच," आणि अंगठा पुढे करायची. कथालेखक हे वाक्य उचलतात आणि आईला देव करून टाकतात. पण मी त्याच आयांना बाहेर बाकावर बसलेलं ऐकलं आहे. थोरल्याकडे असताना धाकट्या सुनेच्या कळण्याच्या भाकरीची तारीफ, धाकट्याकडे गेली की थोरलीच्या भरताची. मुद्दाम, सून ऐकत असताना. वाईट होत्या का त्या? वाटणीपत्रात शेवटच्या ओळीत टाकलेल्या बाईच्या हातात दुसरं काय उरतं? दोन्ही घरांना थोडी थोडी आग लावत राहायची म्हणजे दोन्हीकडे आपली आठवण राहते. अशी आई लिहिणारा लेखक मला अजून भेटायचा आहे, आणि भेटला तर मी त्याचं पुस्तक विकत घेईन, वाचनालयातून आणणार नाही.

शेवट दवाखान्यात करू नये ही विनंती. माणसं दवाखान्यात एकत्र येतात हे खरं, पण तिथे ती बिल कसं वाटायचं तेच बोलत असतात. भांडण कुठे मिटतं ते बहुधा कुणालाच सांगता येत नाही. पन्हाळीवाल्या दोघा भावांचं सांगते. काही वर्षांनी त्यांच्या सामाईक शेतातून रस्ता जाणार म्हणून भूसंपादनाची नोटीस आली. दोघं एकाच दिवशी टेबलाशी आले, एकामागून एक, आणि एकाच बाकाच्या दोन टोकांना बसले. हरकतीचा अर्ज एकच करायचा होता. थोरला सांगत होता, मी टाइप करत होते. एका ठिकाणी त्याने गट नंबर चुकीचा सांगितला. धाकटा माझ्याकडे बघून म्हणाला, "बाई, ते आकडे उलटे घ्या." थोरला म्हणाला, "घ्या उलटे." कोर्ट फी स्टँप दोघांनीही खिशातून काढला होता. मी थोरल्याचा लावला. पन्हाळ तेव्हाही त्याच अंगणात पडत होती. अर्जाचं काय झालं हे मी विचारलं नाही.

पत्र फार लांबलं आहे. कापायचं झालं तर मालिकांबद्दलचं कापा, पन्हाळीचं ठेवा. आणि माझं नाव छापू नये. वरची बरीचशी माणसं हयात आहेत आणि दर सोमवारी मुलाच्या टेबलाशी येतात.

आपली,
एक वाचक
अमळनेर, जि. जळगाव